कडा चढताना लढायचे कसे? टेबलटॉप खेळातील नियमांविषयी एक प्रश्न

बुरूजवाला

नमस्कार. आम्ही पाच जण गेली दोन वर्षे दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे रंगवत फाशांनी खेळायचा खेळ खेळतो. आवृत्ती पाचवी, म्हणजे २०१४ ची, आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराची, खुर्ची माझ्याकडे आहे. पुढच्या प्रसंगात चौघा खेळाडूंच्या पात्रांना रात्रीच्या वेळी एका डोंगरी किल्ल्यात मागच्या कड्याने शिरायचे आहे. किल्ला काल्पनिक असला, तरी तो मी आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरूनच बेतला आहे: खाली साठ फुटांचा कातळ, त्यावर वीस फूट उंचीची तटबंदी आणि चर्यांच्या, म्हणजे तटमाथ्यावरच्या दगडी आडोशांच्या, आड धनुष्यबाण घेतलेले चार पहारेकरी. पात्रे तिसऱ्या पातळीवरची आहेत. एक चोर, एक साखळीचे चिलखत व ढाल बाळगणारी योद्धा, एक जादूगार आणि एक क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारा पुजारी, असा चमू आहे. जादूगाराकडे फेदर फॉल, म्हणजे पडताना अलगद खाली उतरवणारा मंत्र, नाही. असता तर हा धागा काढण्याची वेळच आली नसती.

अडचण अशी, की पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात चढण्याबद्दल जे आहे ते दोन-तीन वाक्यांत संपते. एक फूट चढायला दोन फुटांची चाल खर्ची पडते, आणि कडा निसरडा असेल किंवा पकडी कमी असतील तर डीएमने हवी तर ताकदीची, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सची, चाचणी मागावी, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राचा बोनस मिळवायचा आणि ठरवलेले काठिण्य गाठायचे. पाण्याखाली कसे लढावे याचे नियम आहेत, घोड्यावरून कसे लढावे याचेही आहेत. पण कड्याला लटकलेल्या माणसाचा एक हात अडकलेला असतो की दोन, त्याच्यावर नेम धरणे सोपे होते का, त्याचा स्वतःचा वार कमजोर पडतो का, आणि बाण लागल्यावर त्याची पकड सुटते का, या चारही प्रश्नांवर पुस्तक गप्प आहे.

मागे एकदा असाच प्रसंग आला तेव्हा मी प्रत्येक फेरीला प्रत्येकाकडून चाचणी घेतली होती. क्लेरिक दोनदा खाली पडला, बाकीचे त्याच्यासाठी पुन्हा उतरले, आणि सव्वा तास नुसता चढण्या-पडण्यात गेला. तसे पुन्हा होऊ नये, तरीही कडा हा कडाच वाटावा, जिन्यासारखा वाटू नये, अशी इच्छा आहे. दुसऱ्या खेळांत किंवा जुन्या आवृत्त्यांत याची सोय कशी केली आहे, आणि आपण आपापल्या टेबलावर काय करता, हे जाणून घ्यायला आवडेल.

साडेतीनशहाणा

या प्रश्नाचे उत्तर २००३ च्या साडेतीन आवृत्तीत बरेचसे दिलेले आहे, आणि पाचव्या आवृत्तीत जे गाळले गेले त्यातले निम्मे तरी परत आणण्याजोगे आहे, असे माझे मत आहे.

त्या नियमांनुसार चढायला दोन्ही हात मोकळे लागतात. मात्र एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने मंत्र टाकणे किंवा एका हाताने होणारे दुसरे काही काम करणे चालते. चढणाऱ्याला अंग चोरून वार चुकवता येत नाही, म्हणून त्याच्या आर्मर क्लासमधला, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी गाठाव्या लागणाऱ्या आकड्यातला, चपळाईचा भाग जातो. ढाल वापरता येत नाही. चढत असताना कोणतीही इजा झाली, की त्या भिंतीच्या काठिण्याइतकी चढण्याची चाचणी द्यावी लागते आणि ती हुकली तर माणूस आहे त्या उंचीवरून खाली येतो. साध्या चढाईत मात्र फरक केलेला आहे: चारपर्यंत गुण कमी पडले तर केवळ पुढे सरकता येत नाही, पाच किंवा अधिक कमी पडले तरच पडणे.

काठिण्याचे आकडेही बारकाईने ठरवलेले आहेत. भिंतीला पाय टेकून गाठींच्या दोराने चढायचे तर ०, धरायला व उभे राहायला कंगोरे असतील तर १०, खडबडीत नैसर्गिक कातळाला चांगल्या पकडी असतील तर १५, अरुंद पकडींची भिंत असेल तर २०. पृष्ठभाग निसरडा असेल तर त्यात ५ मिळवायचे, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत अंग अडकवून चढता येत असेल तर १० वजा करायचे. जड चिलखताचा दंडही चाचणीला लागतो. साखळीच्या चिलखताचा दंड ५ आहे. आपल्या आवृत्तीत तेच चिलखत फक्त लपण्याच्या आड येते, चढण्याच्या येत नाही, हे मला आजतागायत पटलेले नाही. चोवीस-पंचवीस किलोंच्या लोखंडी कड्या अंगावर घालून कडा चढणारी योद्धा आणि सुती अंगरखा घातलेला जादूगार यांना एकच नियम कसा लागू पडावा?

मात्र ही आवृत्ती जशीच्या तशी उचलू नका. पडताना स्वतःला सावरायचे तर भिंतीच्या काठिण्यात २० मिळवून चाचणी द्यायची, असा त्यात एक नियम आहे; तिसऱ्या पातळीवर त्याचा उपयोग देवाचे नाव घेण्याइतकाच.

शक्यता

मागच्या वेळी जे झाले ते नशिबाने झाले नाही, हे आधी सांगतो. साधी चाल ३० फूट असलेले पात्र चढताना एका फेरीत १५ फूट जाते. ८० फुटांना सहा फेऱ्या लागतात. दर फेरीला चाचणी घेतली आणि प्रत्येक चाचणीत यशाची शक्यता ९० टक्के इतकी उदार धरली, तरी एका पात्राने सहाही चाचण्या न हुकवता वर पोहोचण्याची शक्यता जेमतेम ५३ टक्के भरते. चौघांच्या मिळून चोवीस चाचण्यांत एकही न हुकण्याची शक्यता ८ टक्के आहे. यशाची शक्यता ७५ टक्क्यांवर आली, तर एकट्या पात्राचेही न अडखळता पोहोचणे १८ टक्क्यांवर येते. म्हणजे आपण प्रत्येक चाचणी सोपी ठेवली असे डीएमला वाटत असते, आणि प्रत्यक्षात त्याने पडणे जवळपास नक्की करून ठेवलेले असते.

त्यात पडण्याची किंमत पाहा. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे साठ फुटांवरून पडल्यास सहा फासे आणि सरासरी २१ इजा. तिसऱ्या पातळीवरच्या जादूगाराची शरीरयष्टी बऱ्यापैकी असली तरी त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येईल तो आकडा, साधारण २० असतात. एक फासा वाकडा पडला की पात्र मरणाच्या दारात, आणि तो फासा टाकण्यामागे खेळाडूचा कोणताही निर्णय नाही, तो नुसता चढत होता.

म्हणून चढण्यासाठी चाचणी नको. काहीतरी घडल्यावर चाचणी हवी. इजा झाली, धक्का बसला, धरलेला दगड निखळला, किंवा खेळाडूने स्वतःहून धोका पत्करून वेगाने जायचे ठरवले, तेव्हाच फासा हातात घ्यावा.

कातळपाय

मी हे खेळ फारसे खेळलेलो नाही. माझा मुलगा खेळतो आणि त्यानेच हा धागा दाखवला. पण गेली वीसेक वर्षे प्रस्तरारोहण करत आलो आहे, त्यामुळे कड्यावर लटकलेल्या माणसाला काय करता येते आणि काय नाही, याबद्दल चार शब्द लिहितो.

आपल्याकडे शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात ते असे: दोन हात आणि दोन पाय या चार टेकूंपैकी तीन कायम कातळावर, आणि एका वेळी एकच हलवायचा. म्हणजे चढताना एक हात मोकळा असतो तो क्षणभर, आणि तोही पुढची पकड शोधण्यासाठी. त्या हाताने वार करायचा तर चढणे थांबले. त्यामुळे ‘चढता चढता लढणे’ असे काही नसते. माणूस चढतो, थांबतो, लढतो आणि पुन्हा चढतो. थांबण्याची जागा कशी आहे यावर बाकीचे सगळे ठरते.

पायाखाली वीतभर रुंदीची जरी पायरी असली, तरी भार पायांवर जातो, एक हात सहज सुटतो आणि माणूस बराच वेळ उभा राहू शकतो. उभ्या कातळावर बोटांच्या पकडीवर भार आला, की काही मिनिटांत हाताच्या पोटऱ्या भरून येतात आणि मग इच्छा असूनही बोटे मिटत नाहीत. कातळ डोक्यावर झुकलेला असेल तर दोन्ही हात अडकलेले असतात आणि तिथे लढण्याची भाषाच नको. याउलट अंग मावेल एवढी उभी फट असेल, जिला आम्ही चिमणी म्हणतो, तर पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रेटून दोन्ही हात मोकळे सोडता येतात. वर ‘साडेतीनशहाणा’ यांनी दोन भिंतींच्या मधल्या चढाईला दिलेली दहा गुणांची सवलत वाचून बरे वाटले. नियम लिहिणाऱ्याने कधीतरी चिमणी चढलेली असावी.

वाराबद्दल सांगायचे तर तलवारीच्या घावाला जोर पायांतून आणि कमरेतून येतो. एका हाताने लटकलेल्या माणसाचे पाय आणि कंबर पकड सांभाळण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे त्याला भोसकता येते, घाव घालता येत नाही. कट्यार किंवा आखूड तलवार उपयोगी. लांब पात्याचे किंवा दोन हातांचे शस्त्र म्हणजे पाठीवरचे ओझे. धनुष्य तर पायरीवर नीट उभे राहिल्याशिवाय ओढताच येणार नाही.

आता धागाकर्त्यांच्या कड्याविषयी. किल्ला सह्याद्रीवरून बेतला असेल, तर साठ फुटांचा कातळ एकसंध भिंतीसारखा रंगवू नका. आपला डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे, त्यामुळे उभा कातळटप्पा, मग गवताची अरुंद पट्टी, मग घसारा, मग पुन्हा कातळटप्पा अशी त्याची ठेवण असते. पहिले पंचवीस फूट फुटक्या कातळाचे आणि भरपूर खोबणींचे ठेवा, तिथे एक पायरी द्या. मग पस्तीस फूट सरळ उभा टप्पा, पण त्यात एका अंगाला चिमणी असू द्या. त्यावर तटाच्या पायथ्याशी दोन जण कसेबसे उभे राहतील एवढी जागा, आणि शेवटी घडीव दगडांची वीस फूट भिंत. लढाई कुठे करायची आणि कुठे मुकाट्याने चढायचे, हे मग खेळाडू स्वतःच ठरवतील.

आणि एक. एकाच्या डोक्यावर दुसरा असे एका रेषेत कधीही चढू नये. सह्याद्रीत दगड सुटतातच. वरचा ‘दगड’ म्हणून ओरडेपर्यंत तो खालच्याच्या डोक्यापर्यंत पोहोचलेला असतो.

त्रिकृती

आम्ही याच धर्तीच्या पाथफाइंडर या खेळाची २०१९ ची दुसरी आवृत्ती खेळतो, म्हणून तिथले थोडक्यात. एका फेरीत तीन कृती मिळतात आणि चढणे ही त्यातली एक कृती. दोन्ही हात मोकळे लागतात. चढताना आर्मर क्लास २ ने उतरतो. साधे यश मिळाले तर बहुतेक पात्रे ५ फूट सरकतात, मोठे यश मिळाले तर १०, आणि मोठे अपयश आले तरच पडतात. पडताना कड्याची कडा पकडण्यासाठी ऐनवेळी करायची कृती, म्हणजे रिअ‍ॅक्शन आहे. ‘कॉम्बॅट क्लायंबर’ नावाचे एक कौशल्य घेतले, की एक हात गुंतलेला असतानाही चढता येते आणि आर्मर क्लासचा तोटाही होत नाही.

नियम स्वच्छ आहेत, पण तुमच्या ८० फुटांच्या कड्याला प्रत्येकी सोळा यशस्वी कृती लागतील. शिवाय तिथे पडण्याची इजा फुटांच्या निम्मी, म्हणजे साठ फुटांना सरळ ३०, फासे नाहीत. आमच्या टेबलावर त्यामुळे कोणी चढत लढत नाही. सगळे आधी उडण्याचा मंत्र शोधतात.

जुनाखेळिया

सगळ्यांनी वरच्या मुद्द्यांत इतका रस घेतला आहे, की मूळ गृहीतकच तपासायचे राहिले. कड्यावर लढाई व्हायलाच हवी का?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच १९८१ च्या बेसिक संचात कडे चढण्याचे कौशल्य चोरालाच असे. पहिल्या पातळीच्या चोराला ८७ टक्के शक्यता, आणि दर शंभर फुटांना एक चाचणी. तुमच्या ८० फुटांना म्हणजे एकच फासा. बाकीच्यांनी खाली अंधारात थांबायचे, चोराने वर जाऊन दोर बांधायचा आणि खाली सोडायचा, मग एकेकाने चढायचे. लढाई व्हायची ती तटाच्या आत, पायाखाली जमीन असताना. कड्यावर तलवार उपसण्याची वेळ आली, याचा अर्थ बेत फसला.

आणि आपल्या इतिहासातही तेच दिसते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांची माणसे कोंढाण्यावर दोरांनी चढली, पण उदेभानाशी झुंज झाली ती माथ्यावर. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला तोही रात्री, पहारा गाफील असताना. कड्याचा उपयोग तिथे पहारा नसतो म्हणून. (घोरपडीची गोष्ट लोककथा आहे हे मान्य, पण खेळात ती साहित्याच्या यादीत घालायला कोणाची हरकत नसावी. किंमत किती सुवर्णमुद्रा, ते डीएमने ठरवावे.)

तेव्हा माझी सूचना अशी, की नियम जरूर करा, पण ते कडक ठेवा. कड्यावर पकडले जाणे ही शिक्षा वाटली पाहिजे, म्हणजे खेळाडू न पकडले जाण्यासाठी डोके चालवतील.

बुरूजवाला

सर्वांचे मनापासून आभार. ‘जुनाखेळिया’ यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो. नियम इतके कडक नकोत की कड्याकडे कोणी फिरकणारच नाही. ‘त्रिकृती’ यांच्या टेबलावर तेच झालेले दिसते. पण माथ्यावर लढणे हे कड्यावर लढण्यापेक्षा नेहमीच बरे असले पाहिजे, हे खरे.

आपल्या सूचनांवरून मी पुढीलप्रमाणे ठरवत आहे. कड्याचे ‘कातळपाय’ यांनी सांगितल्याप्रमाणे टप्पे करीन. पायरीवर आणि चिमणीत नेहमीप्रमाणे लढता येईल, मात्र चिमणीतून बाजूला वळता येणार नाही. उभ्या टप्प्यावर एक हात कायम अडकलेला धरायचा: ढाल चालणार नाही, दोन हातांचे शस्त्र व धनुष्य चालणार नाही, हलक्या शस्त्रांचा वार नेहमीसारखा आणि एका हाताच्या इतर शस्त्रांचा दोन फाशांतला कमी आकडा धरून, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेजने. पाण्याखालच्या लढाईचा नियमही काही ठरावीक शस्त्रांनाच सवलत देतो, त्यामुळे ही पद्धत पुस्तकाच्या स्वभावाला धरून आहे. हातात मावणारा क्रॉसबो आधी भरलेला असेल तर एक बाण सोडता येईल. पुन्हा भरायला दुसरा हात नाही. चढण्यासाठी वेगळी चाचणी घेणार नाही.

इजा झाली तर मात्र अ‍ॅथलेटिक्सची चाचणी, आणि तिचे काठिण्य मंत्रावरची एकाग्रता टिकवण्याच्या नियमातून उसने घेतले आहे: १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांतले जे अधिक असेल ते. चाचणी हुकली तर दहा फूट घसरायचे आणि त्या फेरीपुरती रिअ‍ॅक्शन गमवायची. पाच किंवा अधिक गुणांनी हुकली तरच कोसळायचे. हिशेब करून पाहिला. आमच्या योद्धाचा बोनस ५ आहे, त्यामुळे साध्या बाणाने ती वीस टक्के वेळा घसरेल पण कधीच कोसळणार नाही. जादूगाराला ताकदीचा १ चा तोटा आहे. तो वीस टक्के वेळा घसरेल आणि तीस टक्के वेळा कोसळेल.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. पहारेकऱ्यांनी दोर कापला तर? आणि तटावरून ढकलले तर?

साडेतीनशहाणा

दोराचे आकडे आपल्याच पुस्तकांत आहेत. साधा ५० फुटी दोर, मग तो तागाचा असो वा रेशमाचा, २ हिट पॉइंटचा. आणि डीएमच्या पुस्तकात दोराचा आर्मर क्लास ११ सुचवला आहे. म्हणजे सुरीचा एक बरा वार झाला की दोर गेला. हे खेळाडूंना आधी स्पष्ट सांगून टाका, नाहीतर पहिला दोर तुटला की रात्रभर वाद चालेल. ज्यांना तुटणारा दोर नको असेल त्यांनी साखळी घ्यावी. दहा फूट साखळीला १० हिट पॉइंट आहेत, पण तिचे वजन १० पौंड आणि किंमत ५ सुवर्णमुद्रा. ८० फुटांसाठी आठ साखळ्या, ८० पौंड, ४० सुवर्णमुद्रा, आणि तिचा खणखणाट वेगळाच. अशी निवड समोर आली, की खेळाडू एक दोर चढण्यासाठी आणि दुसरा राखीव असे दोन घेऊन जातात, असा माझा अनुभव आहे.

गिर्यारोहणाचे साहित्य, म्हणजे क्लायंबर्स किट, विसरू नका. ते वापरून एका जागी स्वतःला अडकवून घेतले, की त्या जागेपासून २५ फुटांपेक्षा जास्त पडत नाही. पण अडकवणे सोडल्याशिवाय २५ फुटांच्या पुढे जाताही येत नाही. अडकवायला एक कृती खर्च होते, आणि ती कृती कुठे करायची हा चांगला निर्णय आहे.

ढकलण्याबाबत नियम अगदी निर्दय आहे. ढकलणाऱ्याने ताकदीची चुरस जिंकली, तर समोरचा पाच फूट लांब जातो, आणि कड्यावरच्या माणसासाठी पाच फूट लांब म्हणजे अधांतर. तो नियम तसाच राहू द्यावा. फक्त एवढे पाहा, की चर्येआड दडलेल्या पहारेकऱ्याला आर्मर क्लासमध्ये ५ चा फायदा मिळतो. ढकलण्यासाठी किंवा दोर कापण्यासाठी त्याला बाहेर ओणवे व्हावे लागेल, आणि तेवढा वेळ तो फायदा गेला. खाली पायरीवर धनुष्य घेऊन थांबलेल्या क्लेरिकला काम मिळेल.

कातळपाय

पहारेकऱ्यांबद्दल एक दुरुस्ती. आपल्या किल्ल्यांच्या तटाला जंग्या असतात, म्हणजे आतून बाहेर तिरकी उतरत जाणारी भोके. त्यांतून तटाच्या पायथ्याशी आलेल्या माणसावरही नेम धरता येतो आणि मारणारा पूर्ण आडोशाला राहतो. पण भोक एका ठरावीक दिशेनेच पाहते. कोणत्या दोन जंग्यांच्या मधून वर गेलो तर कोणाचीच नजर पडत नाही, हे खालून ओळखण्याची संधी चोराला द्या.

बुरूजवाला

काल खेळलो. चढाईला, लढाईसकट, पन्नास मिनिटे लागली, आणि त्यांतली दहा खालून जंग्या मोजण्यात गेली.

चोर तिसऱ्या पातळीपासून चढताना जादा चाल खर्च करत नाही, शिवाय तो एका फेरीत दोनदा धावू शकतो. त्याने ठरवले असते तर पहिल्याच फेरीत ९० फूट जाऊन तो एकटा चार पहारेकऱ्यांमध्ये उभा राहिला असता. त्याने ते ओळखले आणि तटाच्या पायथ्याशी ६० फुटांवर थांबून दोर सोडला. जादूगाराने स्वतःवर स्पायडर क्लाइंब हा कोळ्यासारखे भिंतीवर चढवणारा मंत्र टाकला होता, त्यामुळे त्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि तो सगळ्यांत निर्धास्त होता. पंचावन्न फुटांवर त्याला बाण लागला, एकाग्रता मोडली आणि मंत्र संपला. मी त्याला पकडण्याची तीच चाचणी दिली; फासा ९ वर पडला, बेरीज ८ झाली, आणि तो दहा फूट घसरून चिमणीत अडकला. त्यानंतर त्याने तिथूनच, पाठ-पाय रेटून, उरलेली लढाई लढली.

योद्धाने ढाल पाठीला बांधली होती. तट ओलांडल्यावर ढाल हातात घ्यायला पूर्ण एक कृती लागते, हा पुस्तकातलाच नियम मी आठवण करून दिला, आणि दोन पहारेकरी समोर असताना तिने ती कृती ढालीवर खर्च केली. तेवढ्यात तिला दोन्ही वार बसले. टेबलावर सगळ्यांचा श्वास अडकला होता. माझे सगळे नवे नियम मिळून तेवढे जमले नाही.

एका ठिकाणी मात्र अडलो. क्लेरिक घसरला तेव्हा नेमक्या दहा फूट खाली, त्याच रेषेत, योद्धा चढत होती. मी त्या क्षणी दोघांनाही लटकते ठेवून वेळ मारून नेली, पण ते बरोबर वाटले नाही.

शक्यता

त्याला पाचव्या आवृत्तीच्या २०२० च्या पुरवणीत, म्हणजे टाशाच्या पुस्तकात, एक ऐच्छिक नियम आहे. कोणी दुसऱ्याच्या अंगावर पडले, तर खालच्याने १५ काठिण्याची चपळाईची चाचणी द्यायची. हुकली तर पडण्याची इजा दोघांत निम्मी-निम्मी वाटली जाते. ती इजा झाली म्हणून तुमच्या नियमाप्रमाणे खालच्यालाही पकड टिकवण्याची चाचणी आली. दहा फुटांना एकच फासा, तोही निम्मा, म्हणजे काठिण्य १० च राहील आणि योद्धा बहुधा टिकेल. पडण्या-घसरण्याची मालिका तिथेच तुटते, टेबलभर पसरत नाही.

कातळपाय

एका रेषेत चढू नये, हे मी आधीच लिहिले होते!

उतरताना काय करणार आहात? चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. आमच्याकडे उतरतानाच्या अपघातांचीच जास्त काळजी वाटते. आणि त्यांना परत जायचे असेल, तर दोर अजून तिथेच बांधलेला आहे का, हे आधी विचारा.

बुरूजवाला

चोराने तो वर ओढून गुंडाळून घेतला आहे, पुरावा राहू नये म्हणून. जादूगाराकडे दुसऱ्या पातळीचा एकच मंत्र उरला आहे, आणि पुढच्या शनिवारी त्यांना किल्ल्यातल्या कैद्यालाही बरोबर खाली न्यायचे आहे. कैद्याचे हात बांधलेले आहेत. तेवढे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.